झेंडूचा हार

खंडेनवमीला अंबडच्या कारखान्यात लेथ मशीनची पूजा मोतीरामच करायचा. हार घरचाच असायचा, बायकोने पहाटे मळ्यातला झेंडू तोडून ओवलेला. आजही लेथ पुसून त्याने हार उचलला, तोच शेठ बोलायला उभे राहिले. “मंदीने कंबरडं मोडलंय. यंदाही पगारवाढ जमायची नाही. आपण एका कुटुंबातले, समजून घ्या.” कामगारांनी माना खाली घातल्या, सत्त्याण्णव सालापासून दर खंडेनवमीला घालतच होते. तेवढ्यात फाटकातून शेठची कोरी करकरीत गाडी आत आली, आणि त्यांचा चेहरा फुलला. “मोतीराम, तो हार आधी हिला घाल. मशीनला दोन फुलं वाहिली तरी चालतात.” मोतीरामची कानशिलं तापली. त्याने गाडीभोवती सावकाश एक चक्कर मारली आणि परत येऊन हार लेथलाच घातला. “शेठ,” सगळ्यांना ऐकू जाईल असं तो म्हणाला, “तुमची मंदी लय देखणी हाय हो!”