बायकोचा एक फोटो

दातांच्या डॉक्टरांना कुत्र्यामांजरांचे फोटो काढायचं भारी वेड. घरी असताना गल्लीतलं एकही शेपूट त्यांच्या तावडीतून सुटत नसे आणि लेकीकडे परदेशी आल्यावर तर त्यांना आकाशच ठेंगणं झालं. चौथ्या दिवशी बेकरीच्या दारातल्या एका केशरी बोक्यामागे ते चार गल्ल्या गेले आणि वळून पाहतात तो बायको गायब!

धापा टाकत त्यांनी पोलीस चौकी गाठली. "माझी बायको हरवली हो!"

"शांत व्हा. त्यांचा एखादा फोटो दाखवा," टेबलामागच्या पोलीसबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी मोबाइल उघडला. बोका, कुत्री, तिची तीन पिल्लं, पुन्हा बोका. दोन हजार फोटो चाळल्यावर एका झिपऱ्या कुत्र्याशेजारी कुणाचंतरी कोपर दिसलं.

"हे कोपर तिचंच आहे," ते रडकुंडीला येऊन म्हणाले.

पोलीसबाईंनी कपाळावर हात मारला. "आत एक बाई बसल्यात. नवरा हरवला म्हणून मघापासून डोळे पुसतायत. पण त्यांच्याकडेही नवऱ्याच्या चेहऱ्याचा फोटो नाही. प्रत्येक फोटोत तो भर रस्त्यात पोटावर पडून मांजर नाहीतर कुत्रा टिपतोय. दिसते ती नुसती पाठ."

"अहो, तो मीच!" डॉक्टर आनंदाने उठलेच.

"तुम्ही म्हणून कसं चालेल? आधी ओळख पटवावी लागेल." पोलीसबाईंनी आतल्या बाईंना हाक मारली आणि डॉक्टरांना फरशी दाखवली.

"हं, व्हा पालथे."