भोकावरचा फोटो

जिप्समच्या भिंतीला विटांची समजून जावईबापूंनी घड्याळासाठी खिळा ठोकला आणि हातोडी आरपार गेली. मिस्त्री म्हणाला, "साहेब, नुसतं भोक बुजवून भागायचं नाही. बोर्ड बदलावा लागेल, मग पट्टी, पुट्टी आणि वर सगळ्या भिंतीला रंग." खर्चाचा आकडा ऐकून जावईबापूंनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं. भोक झाकेल एवढा मोठा फोटो घरात एकच होता, तो त्यांनी माळ्यावरून काढून तिथं टांगला. तो सासूबाईंचा होता.

रविवारी सासूबाई दोन दिवसांसाठी म्हणून आल्या. समोरच्या भिंतीवर स्वतःला बघून त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

"सख्ख्या मुलाच्या घरीसुद्धा माझा फोटो नाही गं!" त्या लेकीला म्हणाल्या. "आता मी कायमची इथंच राहणार."

बायकोनं इतक्या कौतुकानं पाहिलं, की जावईबापूंनी सासूबाईंची बॅग स्वतःच उचलून आत नेली.

 

सोमवारी हॉलमध्ये टेप धरून मिस्त्री म्हणाला, "सासूबाईंना वेगळी खोली म्हणजे अख्खी नवी भिंतच आली, साहेब. ते भोक मात्र तुम्हाला फुकटात बुजवून देतो."