पगडीचं दुसरं टोक

दाराच्या कडीला बांधलेलं पगडीचं टोक पुन्हा सुटलं, तसे सासरे चरफडले. सहा मीटर कापड दोघांनी ताणून धरलं तरच नीट घडी बसते. केस राखायचे आणि पगडीनं झाकायचे, हा गुरूंचा दंडक त्यांनी जन्मभर पाळला होता. सासूबाई गेल्यापासून मात्र दुसरं टोक कडीलाच बांधावं लागे.

पोळ्या लाटता लाटता शलाका बघत होती. नांदेडच्या या शीख घरात ती लग्न होऊन आली, त्याला महिना झाला होता. मुलानं परस्पर लग्न ठरवलं म्हणून सासरे तिच्याशी अवाक्षर बोलले नव्हते. नवरा तर पहाटेच ड्यूटीवर जायचा. तिनं हात धुतले आणि न विचारता ते टोक उचललं.

सासऱ्यांनी घुश्शात हिसका दिला. तिनंही असं ओढलं की ते दोन पावलं पुढं आले.

“अगं, पगडी बांधायचीय, रस्सीखेच नाही खेळायची!” ते ओरडले आणि स्वतःच खो खो हसत सुटले. गुरुद्वारात लंगर वाढायला त्या दिवशी ते अगदी ऐटीत गेले.

दुसऱ्या सकाळी शलाका उशिरा उठली. सासरे पगडी धरून ताटकळत उभे होते.

“बेटा, लंगरला उशीर होतोय,” ते कुरकुरले. दाराची कडी त्यांच्या हाताशीच होती.