पल्सारची मोजणी

मोजणीचा अर्ज दाजीबा खरसुंड्यांनीच केला होता. शेजारच्या वस्तीचे ढवळे मेघातला ऑक्सिजन ओढत होते, आणि कायदा सरळ होता. तारा फुटून जो मेघ पसरतो, तो त्याच ताऱ्याच्या उरलेल्या गाभ्याभोवती, म्हणजे पल्सारभोवती, राहणाऱ्यांचा. खरसुंड्यांच्या चार पिढ्या याच पल्सारभोवती फिरत आल्या होत्या.

मोजणीदार उगलेबाईंनी पल्सारची वीस वर्षांपूर्वीची जागा आणि आजची जागा नकाशावर मांडली. दोन ठिपके जोडून त्यांनी रेघ मागे नेली. ढवळे पंच म्हणून शेजारीच उभे होते. रेघ मेघाच्या मध्यातून, म्हणजे तारा फुटला त्या जागेतून, जाईना.

“परत धरा,” दाजीबा म्हणाले.

बाईंनी परत धरली. “काका, मेघ दहा हजार वर्षांचा आहे. तेव्हा तुमचा पल्सार मेघाच्या बाहेर होता. तो इथला नव्हे. वाटेत मेघ लागला, म्हणून आत शिरलाय.”

“मग आमचा मेघ कुठाय?”

बाईंनी रेघेच्या मागच्या टोकाला बोट ठेवलं. तिथं नकाशा कोरा होता. “इथं असणार. विरून गेला.”

“आणि हा काय ढवळ्यांचा आहे?”

“त्यांनी मोजणी मागवलेली नाही.”

दाजीबांनी पंचनाम्यावर सही केली. भिंतीपलीकडे खरसुंड्यांच्या वस्तीचा हवेचा पंप नेहमीसारखा घरघरत होता. ढवळ्यांनी तिकडे कान दिला.

“बाई, हा पंप हवा कुठून ओढतो, तेही लिहून घ्या,” ते म्हणाले.

आपण श्वास रोखून धरलाय, हे दाजीबांच्या जरा उशिरानं लक्षात आलं.