आधी उजवा हात

पिवळ्या दोरीच्या अलीकडे बैंदू उभी होती. पलीकडे, आठ पावलांवर, पडवीतल्या चटईवर तिची आई निजली होती. पहाटे गेली होती, आणि आता उन्हं छपरावर आली तरी तिच्या अंगाला कुणाचा हात लागला नव्हता.

काइलाहुन शहरातून पांढऱ्या पोशाखातली चार माणसं मूठमाती द्यायला आली होती. डोळ्यांवर जाड चष्मे, तोंडावर फडकी, हातांत मोज्यांवर मोजे. कोण बाई, कोण पुरुष, काही कळत नव्हतं. म्हणून प्रत्येकाने छातीवर शाईने नाव लिहिलं होतं. जिच्या पाठीला फवारणीचा पंप होता तिच्या छातीवर लिहिलं होतं : मियाटा.

"बघा गं बायांनो," बैंदूची आत्या केमा मोठ्याने म्हणाली. तिच्या पाठीला बैंदूचं सहा महिन्यांचं पोर बांधलेलं होतं. "माझी वहिनी माणूस आहे की कोकोचं झाड? कीड मारायला आलेत मेले."

कुणी हसलं नाही.

गावात बाई गेली की बायकांनी तिला तीन पाण्यांनी न्हाऊ घालायचं आणि पहिलं पाणी लेकीने घालायचं. न न्हालेलं माणूस नदीपलीकडे आपल्या माणसांत पोचत नाही, काठावरच भटकत राहतं. आईने आपल्या थोरल्या बहिणीला असंच न्हाऊ घातलं होतं, वीस दिवसांपूर्वी, तो ताप एबोलाचा आहे हे कुणाला ठाऊक नसताना. तिच्या हातांवरून तो घरी आला. मग कळल्यावर तिने आतून कडी लावून घेतली. सासरहून धावत आलेल्या बैंदूला खिडकीतूनच म्हणाली, "तिथेच बस. पोराला लांब धर आणि तिथून बोल." पाच दिवस बैंदू तिथेच बसून बोलली. काल रात्री आत जीव घाबरला तेव्हा आई स्वतःच कडी काढून पडवीत येऊन निजली.

आता बैंदूने दोरी वर उचलली.

"ए बाई!" त्या चौघांचा म्होरक्या ओरडला.

"थांबा ताई." हा आवाज पंपवालीचा होता. कोवळा होता. "पुढे येऊ नका."

"एक भांडं पाणी घालते. एकच. मग न्या तुम्ही."

"नाही घालता येणार. आता तर त्या अंगावर कालच्याहून जास्त रोग आहे."

"तुझी आई असती म्हणजे कळलं असतं तुला."

"घातलं होतं मी माझ्या आईला पाणी," मियाटा म्हणाली. "तेव्हा आम्ही पाच बहिणी होतो. आता मी आहे."

आत्याच्या पाठीवर पोर किरकिरलं. बैंदूने वळून पाहिलं. तिच्या हातातली दोरी सावकाश खाली आली.

मग तिने विचारलं, "त्या पंपात काय आहे?"

"पाणीच. औषध घातलेलं."

"किती वेळा मारतेस?"

"एकदाच. सगळीकडून."

"तीनदा मार. आणि मी सांगेन तसं मार."

"अजून तीन घरं आहेत," म्होरक्या म्हणाला. "या कपड्यांत तासाभरात भोवळ येते माणसाला."

मियाटाने त्याच्याकडे पाहिलंच नाही. ती चटईशी गुडघ्यांवर बसली आणि सवयीने पंपाची नळी तिने आईच्या तोंडाकडे नेली.

"आधी उजवा हात!" नव्या सुनेवर ओरडावं तशी बैंदू ओरडली. "बिस्मिल्ला म्हण. बोटांपासून वर ये. कोपराशी भाजल्याचा डाग आहे, तिथे हळू."

इतक्या लांबून डाग दिसत नव्हता.

"आहे," मियाटा म्हणाली. "हळूच मारते."

"गार आहे का गं पाणी? गार पाणी तिला सोसत नाही."

नळी क्षणभर थांबली. "सकाळपासून उन्हात होता पंप, ताई. कोमट आहे."

उजवा हात झाला, मग तोंड, मग उजवी कूस. औषधाचा उग्र वास अंगणभर पसरला, पण एकही बाई मागे सरली नाही. दुसऱ्या फेरीला त्या खालच्या आवाजात अल्लाचं नाव घेऊ लागल्या. तिसऱ्या फेरीला केमाआत्याला राहवेना.

"अगं, डावी टाच राहिली! या आजकालच्या पोरींना काही म्हणता काही येत नाही." आणि बोलता बोलताच तिला रडू फुटलं.

मियाटाने डावी टाच भिजवली.

मग दोघांनी पांढरं कापड पसरलं, पिशवी उघडली. म्होरक्या आता घाई करत नव्हता. आईला उचलून ठेवताना डोक्याचा रुमाल सुटला आणि आजारात विस्कटलेले, अर्धे गुंफलेले, अर्धे मोकळे केस कापडाबाहेर आले.

मियाटा आपल्या जाड मोज्यांतल्या हातांकडे पाहत राहिली.

"ताई," ती म्हणाली, "केसांचं काय करू?"

बैंदूने दोरी दोन्ही मुठींत घट्ट धरली होती.

"राहू देत," ती म्हणाली. "माझ्याशिवाय कुणाच्या हातची वेणी तिला चालत नाही."