चाळिसावी डबी

“अगं, नुसती थुंकी नको. छातीतून खाकर,” प्रयोगशाळेतले तपासनीस म्हणाले.

“सकाळी सकाळी बायकोकडे काय पण मागतात!” तिने पाठ फिरवून डबी भरून दिली. दोन दिवस तिला साधाच खोकला होता.

क्षयाचे जंतू दोन तासांत ओळखणारं नवं यंत्र प्रयोगशाळेत आलं होतं. त्यासाठी तपासनिसांनी तीन वर्षं वरिष्ठांचे उंबरे झिजवले होते. जुन्या पद्धतीत नळीत जंतू वाढवून बघायचे, म्हणजे सहा आठवडे. तोवर रोगी खंगून जायचा. प्रयोगशाळेच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंची अट एकच. चाळीस निरोगी माणसांचे नमुने तपासा. एकाला जरी यंत्राने उगाच आजारी ठरवलं, तर ते परत जाईल.

एकोणचाळीस डब्या स्वच्छ निघाल्या. चाळिसावी बायकोची. तीत यंत्राला जंतू दिसला. पुसट, पण दिसला.

तपासनिसांनी त्याच दिवशी तिला दवाखान्यात नेलं. छातीचा फोटो काढला. त्यात वावगं काही नव्हतं.

“पूर्वी कधी क्षय झाला होता?” डॉक्टरीणबाईंनी तिला विचारलं.

“हिला? छे हो!” तपासनीसच बोलून गेले. “इतक्या वर्षांत एक दिवस अंथरूण धरलं नाही हिने.”

बायको नुसती हसली.

सहा आठवडे नळी ठेवली. काही उगवलं नाही. तपासनिसांनी मनातल्या मनात देवाला हात जोडले आणि संध्याकाळी हसतच घरी आले.

“बाईसाहेब, तुम्ही ठणठणीत! यंत्रच खोटारडं निघालं. अहवालावर सही केली की उद्या जाईल परत.”

“आणि रोगी?”

“बसतील पुन्हा सहा आठवडे वाट बघत.” चहा ढवळताना त्यांचा आवाज उतरला. “जाऊ दे. तू बरी आहेस ना, मला सगळं मिळालं.”



“अहो, मेलेला जंतू दिसतो का त्याला?”

“दिसतो की. जिवंत-मेलेलं त्याला कुठलं कळायला? औषधं पुरी करून बरा झालेल्या माणसातही वर्ष-दोन वर्षं सापडतो कधी कधी. तुला काय त्याचं?”

तिने अलगद त्यांच्या खिशातलं पेन काढून घेतलं.

“सही करू नका. गेल्या वर्षी लेकीचं लग्न जमत होतं, तेव्हा मी सहा महिने माहेरी होते ना? आईचा पाय मोडला म्हणून?”

“हो. मग?”

“आईचा पाय मोडलाच नव्हता.”