बंद खोलीची घरपट्टी

घरपट्टीचा भार कमी कसा करायचा, यावर नगरपालिकेने नागरिकांची सभा बोलावली होती. बायकोने सकाळी चहा देताना सुचवलेली कल्पना निवृत्त हेडमास्तरांनी स्वतःची म्हणून ठणकावून मांडली, "घर असो की घरातली एखादी खोली, वर्षानुवर्षं कुलूप असेल तर दुप्पट पट्टी लावा. बाकीच्यांची आपोआप कमी होईल."

टाळ्या पडल्या. घरी येऊन ते ऐटीत म्हणाले, "एकमताने मान्य."

"छान झालं," म्हणत बायकोने वरच्या खोलीची किल्ली त्यांच्या पुढ्यात ठेवली. लेकीने स्वतःच्या पसंतीने लग्न केलं, त्या दिवशी त्यांनीच तिच्या खोलीला कुलूप घातलं होतं.

"आता दुप्पट भरताय, की तिला फोन लावताय? पडदे मी कालच धुतलेत."